टाच, तार आणि पाच भोकं

सकाळी ६

नॉर्वेतल्या र्युकानला सकाळचे सहा म्हणजे साताऱ्याला साडेदहा. तोवर बाबांनी दुकानाच्या फळ्या काढलेल्या असतात, गणपतीला उदबत्ती लावलेली असते, हवेचा पंप बाहेर भिंतीला टेकवलेला असतो. मी इकडे चहाचं आधण ठेवते आणि फोन लावते.

"थंडी किती?"

"उणे चौदा."

"मग फ्रीज कशाला घेतलात?"

बारा हिवाळे झाले, विनोद हाच. मीही दर वेळी हसते.

मग कामाचं. स्की म्हणजे नेमकं काय, हे बाबांना अजून पुरतं पटलेलं नाही, पण तार, नट, स्प्रिंग असे शब्द कानावर पडले की ते सावरून बसतात. आज एक बाई पाच भोकांची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरणारी जोडणी, घेऊन येणार आहे, मी सांगितलं. तार कुठल्या भोकात अडकवायची ते बघून द्यायचंय. स्प्रिंग कितीही आवळली तरी टाचेला पकड येत नाही, अशी तिची तक्रार आहे.

"कितीही आवळली तरी ना? मग आवळण्याचा प्रश्नच नाही तो," बाबा म्हणाले. "कॅरिअरला कडब्याची पेंढी बांधताना पोरं ट्यूबची पट्टी ताणत बसतात. ताणून काय होतंय? आकडा भलत्या जागी अडकवला तर पेंढी डुलणारच. थांब, पंक्चर आलं."

आमच्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही. पंक्चर येतं, नाहीतर चेन येते.

सकाळी ७

स्की-दुरुस्तीचं वर्कशॉप घरापासून सात मिनिटांवर, बर्फ फार असेल तर बारा. र्युकान हे गाव एका खोल, अरुंद दरीच्या तळाशी आहे. दक्षिणेला १८८३ मीटर उंचीचा गाउस्ता, उत्तरेला हार्डांगरविद्दाच्या पठाराची भिंत, मधून मोना नदी. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावाच्या तळावर ऊन पडत नाही. गाव वसलं ते उन्हासाठी नव्हे, धबधब्याच्या विजेसाठी आणि त्या विजेवर चालणाऱ्या खतकारखान्यासाठी. माझा नवराही विजेच्याच कामासाठी इथे आला. मी त्याच्यामागून आले, आणि डिप्लोमाची फाइल घेऊन पहिल्या हिवाळ्यात या वर्कशॉपच्या दारात उभी राहिले. मालकाने फाइल उघडली नाही. हातात एक वाकडी स्की दिली आणि विचारलं, यात काय बिघडलंय. सायकलच्या रिमचा 'आउट' बघायची सवय होती, एक डोळा मिटून धारेवरून बघितलं आणि सांगितलं. नोकरी लागली.

स्कीचे प्रकार पुष्कळ. गावोगावच्या उतारांवर दिसते ती आल्पाइन स्की, तिच्यात बूट पुढून-मागून पक्का बसवलेला असतो. टेलिमार्कमध्ये बूट फक्त पुढे, बोटांपाशी धरलेला, टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे, दुसरा मागे, मागचा गुडघा खाली, त्याची टाच उचललेली. सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेऊन गुडघा टेकतो ना, साधारण तीच बैठक. फक्त इथे ती दर दोन सेकंदांनी पाय बदलून, घसरत्या उतारावर करायची. याच टेलिमार्क जिल्ह्यातल्या मोर्गेडालचा सोंद्रे नोरहाइम (जन्म १८२५) या विद्येचा आद्य पुरुष. त्याने डहाळ्या पिळून टाचेमागून एक पट्टा घेतला. टाच उचलता तर यावी, पण बूट स्कीवरून निसटू नये, एवढीच त्याची गरज. आज माझ्या बाकावर येणारी प्रत्येक तार ही त्या पिळलेल्या डहाळीची नात.

आणि भांडणही तेव्हापासूनचंच असणार. टाच उचलली की मागून किती ओढायचं, आणि कधीपासून?

सकाळी ७:४०

भोकं पाडायचं काम. हे झटपट उरकायचं, पण घाईने नाही. स्कीत धातूचा थर असेल तर ४.१ मिलिमीटरचं ड्रिल, नसेल तर ३.५ किंवा ३.६. साधारण नऊ मिलिमीटर खोली, त्यासाठी ड्रिलला गळपट्टी असते. भोकात गोंदाचा थेंब, नाहीतर पाणी शिरून आतलं लाकूड कुजतं. स्क्रूचं डोकं चार कळ्यांचं दिसतं, पण आपल्याकडच्या चार कळ्यांचा पेचकस लावला की ते चक्काचूर होतं. याला पोझिड्राइव्हचा तीन नंबरच लागतो. पहिल्या हिवाळ्यात मी गळपट्टी लावायला विसरले आणि ड्रिल स्कीच्या तळातून बाहेर आलं. ती स्की अजून वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. मालक नव्या पोरांना ती दाखवतो. माझ्यासमोरच दाखवतो.

सकाळी ८:३०

एक आजोबा आले. इथे सगळे एकमेकांना एकेरीच हाक मारतात, पंतप्रधानांनासुद्धा. पण सत्तरीच्या माणसाला 'तू' म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यामुळे बोलते त्यांच्या भाषेत, आणि मनातल्या मनात 'अहो आजोबा' जोडते.

त्यांच्या स्की जुन्या, बूट कातडी, आणि बाइंडिंग 'कंदाहार' जातीची. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चमकले होते. कंदाहार म्हटलं की आपल्याला एकतर गांधारी आठवते, नाहीतर १९९९ चं ते विमान. बर्फाशी त्याचा काय संबंध? संबंध असा, की १८८० साली काबूलहून कंदाहारला फौज नेणारा जनरल रॉबर्ट्स पुढे 'लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' झाला. त्याच्या नावाचा चषक १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका स्की शर्यतीला लावला गेला. १९२४ मध्ये म्यूरेनला 'कंदाहार स्की क्लब' निघाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या तारेच्या बाइंडिंगला तेच नाव चिकटलं. रॉबर्ट्सचा जन्म कानपूरचा. म्हणजे कानपूर, कंदाहार, स्वित्झर्लंड करत हे नाव नॉर्वेच्या या दरीत माझ्या व्हाइसमध्ये येऊन पडलं. इतका प्रवास तर मीही केला नाही.

तार टाचेच्या खाचेतून निघते, बुटाच्या दोन्ही कुशींनी पुढे येते, आणि पुढे एका खटक्याने ताणली जाते. खरी गंमत मध्ये आहे. स्कीच्या कडेला छोटे आकडे असतात, पुढे एक जोडी, मागे एक जोडी. तार नुसती पुढच्या आकड्यांतून घेतली तर टाच मोकळी, चालायला आणि चढायला उत्तम. मागच्या आकड्यांत अडकवली की तार टाचेला खाली दाबून धरते आणि उतारावर पाय हलत नाही. म्हणजे तार पुढे घ्यावी की मागे, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे; पाच भोकांच्या बाइंडिंगने तो फक्त बारीक चिरला.

आजोबांचा एक आकडा तुटला होता. मागचा. "नवीन लावू?" मी विचारलं.

"पुढचे आहेत ना? मग पुरे. चाळीस वर्षं मागचे वापरलेच नाहीत."

कातडी बूट मऊ असतो. मागून जोरात ओढलं तर तो चवड्यापाशी घडी पडून बोटांवरच बसतो, करकचून. आजोबांना हे गणिताने नाही, नखांनी माहीत आहे. तुटक्या आकड्याचं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं, तारेला वंगण दिलं. दुपारनंतर न्या म्हटलं.

सकाळी ९:३०

ती बाई आली. डोंगरावर लोकांना घेऊन जाणारी मार्गदर्शक, पंचविशीची, गालांवर चष्म्याचा पांढरा ठसा. बाइंडिंग हॅमरहेड. रसेल रेनी नावाच्या अमेरिकन माणसाने ती बनवली, पुढे आयडाहोतल्या ड्रिग्ज गावच्या ट्वेन्टी-टू डिझाइन्सने ती चालवली. टेलिमार्कवाल्यांत हिची कीर्ती एकाच गोष्टीसाठी: तार बुटाच्या कुशीने नाही, तळव्याखालून येते, आणि ती जिथे वळते ती जागा पाच भोकांपैकी कुठल्याही भोकात हलवता येते. एक नंबर सर्वांत पुढे, सर्वांत मवाळ. पाच नंबर सर्वांत मागे, सर्वांत कडक. जुने लोक दुसऱ्या बाइंडिंगांचं वर्णनही हिच्या भाषेत करतात: ती ना, तिसऱ्या भोकासारखी आहे.

हिने ती जुन्या बाजारातून घेतलेली. पालथी करून बघितली तर तार एक नंबरात. आधीचा मालक चढणारा असणार. चढताना टाच हजार वेळा उचलायची. मागून ओढणारी तार म्हणजे प्रत्येक पावलाला सावकार. म्हणून त्याने ती पुढे ठेवली. हिला ते माहीत नव्हतं. उतारावर पकड नाही म्हणून ही स्प्रिंग आवळत गेली, आवळत गेली, आणि आता आट्यांत जागाच उरलेली नव्हती.

"अजून कडक स्प्रिंग मिळेल का?" तिने विचारलं.

मी बूट बाइंडिंगमध्ये घातला, स्की व्हाइसला लावली आणि टाच हाताने उचलत गेले. थोडी उचलली की ताण, आणखी उचलली की एका जागी टचकन थांबते, जसं दार खिळ्याला अडावं. स्प्रिंगची वेटोळी मिटून एकमेकांना टेकली होती. तिथून पुढे ती स्प्रिंग राहत नाही, सळई होते. मग ओढ सगळी स्क्रूंवर. पुढचा एक स्क्रू कागद जाईल इतका उचलला गेलाच होता. कडक स्प्रिंगने हे मिटलं नसतं, एखाद्या दिवशी बाइंडिंगच मुळासकट निघून हातात आली असती. टेलिमार्कच्या जुन्या पद्धतीच्या बाइंडिंगा पडल्यावर आपोआप सुटत नाहीत. सुटलं तर काहीतरी तुटूनच सुटतं, आणि ते दर वेळी लोखंडच असेल असं नाही.

उचललेला स्क्रू काढून, भोकात स्टील वूल आणि एपॉक्सी भरून परत बसवला. वाळेपर्यंत दोन तास. त्या दोन तासांत मी फळी केली.

सकाळी १०

फळीचं असं. एक लाकडी फळी, तिच्यावर दोन सेंटिमीटर जाडीचा ठोकळा, ठोकळ्यावर बिजागरी, बिजागरीला अठरा सेंटिमीटरची पट्टी. बिजागरी म्हणजे चवडा, जिथे बूट वाकतो. पट्टीचं टोक म्हणजे टाच. ठोकळ्याच्या बाजूने फळीवर पाच खिळे: एक बरोबर बिजागरीखाली, दोन त्याच्या पुढे, दोन मागे, दोन-दोन सेंटिमीटरवर. टाचेला दोरा बांधायचा, खिळ्यापर्यंत आणायचा, पेनाने खूण करायची. मग पट्टी उचलायची आणि दोरा किती जास्त लागतो ते मोजायचं. खऱ्या बाइंडिंगमधली अंतरं याहून लहान, आणि बूट काही बिजागरी नव्हे. पण स्वभाव कळतो.

पट्टी वीस अंश उचलली तर सर्वांत पुढच्या खिळ्याला दोरा जेमतेम चार मिलिमीटर जास्त लागतो. मधल्याला सात. सर्वांत मागच्याला अकरा. फार फरक नाही, वाटतं. आता पंचेचाळीस अंश उचला, म्हणजे खरं गुडघा खाली गेलेलं टेलिमार्क. मागच्या खिळ्याला तीस मिलिमीटर. त्याच्या अलीकडच्याला एकवीस. मधल्याला चौदा. त्याच्या पुढच्याला सात. आणि सर्वांत पुढच्याला?

दोन.

ती बाकावर ओणवी झाली. "चुकलं तुझं. आधी चार होते."

परत मोजलं. दोनच. पुढच्या खिळ्याला दोरा आधी जरासा ताणला जातो आणि मग सैल पडतो. टाच जितकी वर, तितका तो सैल. टाच फिरते चवड्याभोवती, दोरा फिरतो खिळ्याभोवती; खिळा पुढे असला की टाच वर येताना खिळ्याकडेच सरकते. मागे असला की उचलल्या क्षणापासून त्याच्यापासून लांब पळते. म्हणजे हिला जेव्हा मागच्या पायावर सर्वांत जास्त आधार हवा असतो, खोल वाकल्यावर, नेमका तेव्हाच तिची तार हात सोडून देत होती. आणि ही आवळत होती तो सुरुवातीचा ताण. त्याने चालताना पाय दुखला असेल, एवढंच.

आकडा भलत्या जागी. मला फोनवरची पेंढी आठवली, पण कडब्याची पेंढी म्हणजे काय हे तिच्या भाषेत सांगायला मला शब्द सापडले नाहीत. बर्फाच्या प्रदेशात गवत गुंडाळून पांढऱ्या प्लास्टिकच्या गोळ्यात भरतात.

एक कबूल करते. फळी बघून मला वाटलं, पाच नंबरच. इतका स्वच्छ ताण, मग मध्ये कशाला थांबायचं? कागदावर जिंकलेल्याला शर्यतीत उतरवायची घाई मला नेहमी होते.

सकाळी ११:१५

जेवण. इकडे जेवण म्हणजे घरून आणलेले ब्रेडचे काप, मध्ये पातळ कागद, वर ब्रुनोस्ट नावाचं तपकिरी गोडसर चीज. खव्याच्या वळणाचं लागतं. पहिल्या वर्षी मी त्यात वेलची घालून बघितली होती. मालक म्हणाला, ही पंचाहत्तरची मंडळी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. पंचाहत्तर म्हणजे मिलिमीटर: बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखा निघालेला तळ, त्याची रुंदी. १९२७ मध्ये ब्रूर विट या नॉर्वेजियन माणसाने तीन खुंट्या आणि एक दाबपट्टी असलेली बाइंडिंग काढली, तिचं नाव रोत्तेफेला, म्हणजे उंदराचा सापळा. तिच्यात तार नव्हतीच, टाच संपूर्ण मोकळी. तार पुन्हा आली ती लोक त्याच मोकळ्या टाचेने तीव्र उतार उतरू लागले तेव्हा, आणि प्लास्टिकचे ताठ बूट आल्यावर तर तिच्यावाचून भागेना. २००७ पासून चोच नसलेली नवी पद्धत आली आहे. तिच्यातही स्प्रिंग आहे, ओढ आहे. भांडण राहिलंच, फक्त तळव्याखाली लपलं.

दुपारी १२

चौकात गेले. स्वच्छ दिवस असेल तर मी रोज जाते, ब्रेडचा शेवटचा काप तिथेच खाते. २०१३ साली गावाच्या साडेचारशे मीटर वर डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर वळतात आणि उन्हाचा एक डाग खाली चौकात टाकतात, साधारण सहाशे चौरस मीटरचा. त्याआधी, १९२८ पासून, ऊन बघायचं तर तारेवर लटकणाऱ्या पाळण्यातून डोंगरावर जावं लागे. तो पाळणा कारखान्यानेच गावाला दिलेला आणि अजून चालतो. डागाच्या कडेवर उभं राहिलं तर अर्धं अंग उन्हात, अर्धं हिवाळ्यात. माझी आई आली होती तेव्हा तिने या आरशातल्या सूर्याला हात जोडले. मग मला विचारलं, चालतं का गं असं?

चौकातून दरीच्या वरच्या टोकाला वेमोर्क आहे, जिथे जड पाण्याचा तो कारखाना होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेजियन सैनिकांनी रात्री तिथे सुरुंग लावले आणि त्यांच्यातले पाच जण स्कीवरून सुमारे ४०० किलोमीटर तोडत स्वीडनला पोचले. इथली शाळकरी पोरं हे आपल्याकडच्या पावनखिंडीसारखं सांगतात. मी ऐकताना त्यांच्या टाचांचा विचार करते. चारशे किलोमीटर मागून ओढणारी तार कोणी घेऊन जात नाही.

दुपारी १ ते ३

एपॉक्सी वाळलं होतं. आधी स्प्रिंग सैल केली, पार सुरुवातीपर्यंत, आणि मगच तार हलवली. हा क्रम उलटा केला तर मागच्या भोकातला जास्तीचा प्रवास आधीच मिटलेल्या स्प्रिंगवर येतो आणि माझा नवा स्क्रू पहिल्याच वळणाला निघतो. डाव्या स्कीला तार दोन नंबरात, उजव्याला पाच. दोन्ही पाय सारखे ठेवले तर माणूस सवयीने जुळवून घेतो, काही सांगू शकत नाही. पाय वेगळे ठेवले की शरीर चुगली करतं.

मालकाच्या गाडीतून गाउस्ताच्या पायथ्याच्या उतारांवर गेलो. वर गेल्या गेल्या ऊन, खरंखुरं. डोळे मिटून दोन मिनिटं नुसती उभी राहिले, ती शहाण्यासारखी थांबली.

टेलिमार्कमध्ये उजवीकडे वळताना उजवा पाय मागे जातो, डावीकडे वळताना डावा. म्हणजे उजवी वळणं पाच नंबर सांगणार, डावी दोन नंबर. सोप्या, निळ्या खुणेच्या उतारावर तिने वीसेक वळणं घेतली, मी खालून बघत. उजवी वळणं ठाम, आखीव. डाव्या वळणांना मागचा पाय चवड्यावरून बोटांवर उभा राहायचा, नाचणारीसारखा, आणि स्कीचं टोक थरथरायचं. ताठ प्लास्टिकच्या बुटाचं हेच दुखणं: मागून ओढ नसेल तर तो चवड्यापाशी वाकतच नाही, सरळ अंगठ्यावर उभा राहतो, आणि मागच्या स्कीवर वजन पडत नाही.

मी मनात म्हटलं, पाच. बघा.

मग ती दोरीच्या पलीकडे, न दाबलेल्या खोल बर्फात गेली. तिथे चित्र फिरलं. उजवा पाय मागे गेला की तार लगेच टाच खाली ओढायची, वजन मागच्या पायावर पुढे लोटलं जायचं, आणि स्कीचं टोक बुडायचं. दोनदा ती थेट तोंडावर. डावा पाय मात्र तिथे शहाण्यासारखा वागला, हलका, वर वर. परत येताना सपाट रस्ता होता, अर्धा किलोमीटर ढकलत चालायचा. "हा पाय कोणी मागून धरून ठेवतंय," ती उजव्या पायाकडे बघत म्हणाली.

तिचा-माझा बूट एकाच मापाचा निघाला, तेव्हा मीही एकदा उतरले. मी टेलिमार्क तिशी उलटल्यावर शिकले, त्यामुळे माझं वळण म्हणजे बैठक कमी, नवस जास्त. तरी कळलं. पाच नंबरात टाच उचलायच्या आधीच उत्तर येतं. तुमच्या मनात काय आहे ते तार विचारतच नाही. माझ्यासारखीला त्याचा आधार वाटला, खोटं कशाला बोलू. चार वळणं झकास गेली. पाचव्याला डावीकडे वळताना डावा पायही तसाच ओढेल म्हणून टेकले, तो ओढेना, आणि मी बसले. बर्फ मानेतून पाठीपर्यंत.

खिशातून पाना काढून खुर्चीच्या लिफ्टखालीच दोन्ही तारा तीन नंबरात घातल्या. हातमोजे काढून, उणे नऊमध्ये. स्क्रू बोटांना चिकटतात. जीभ लावून बघायचा मोह लहान पोरांना होतो. स्प्रिंग होती त्याच्या अर्ध्यावर आवळली. ती तीन वेळा वर गेली, तीन वेळा उतरली, दाबलेल्या बर्फात आणि खोल बर्फात. शेवटी माझ्यापाशी येऊन थांबली आणि विचारलं, "अजून आवळू?"

"वाटतंय का तसं?"

तिने टाच दोनदा उचलून बघितली. "नाही. पण सकाळी याच्या दुप्पट आवळलेली होती ना?"

दुपारी ४

वर्कशॉपला परत. ताठ बूट, पूर्ण वाकून, बाकावर गुडघा टेकेपर्यंत टाच उचलून बघितली: कुठे टचकन अडत नाही, वेटोळ्यांत अजून फट आहे. स्क्रू सगळे पक्के. निसटलेली स्की दरीत जाऊ नये म्हणून पायाला बांधायचा पट्टा एका बाजूला झिजला होता, तो बदलला. तारेला टाचेच्या वळणापाशी दोन बारीक तंतू उसवलेले दिसले. आज चालेल, पण एक जादा तार पिशवीत ठेव म्हटलं. डोंगरावर तार तुटली की मोकळी टाच फारच मोकळी होते. लांब चढण असेल त्या दिवशी तार एक नंबरात घ्यायची, वर पोचलं की तीनमध्ये, असं ठरलं. तिने पाना मागून घेतला. तो दुकानाचा होता, मी दिला.

आजोबाही तेव्हाच आले. बाकावरची फळी बघून त्यांनी काही विचारलं नाही. पट्टी वर-खाली केली, दोरा एका खिळ्यावरून दुसऱ्यावर नेत गेले, कानापाशी नेऊन ताणलेला दोरा तंबोऱ्यासारखा छेडला. सर्वांत पुढच्या खिळ्यावर थांबले, टाच पूर्ण उचलली, दोरा सैल पडलेला बघितला आणि समाधानाने मान हलवली. ती बाई शेजारी उभी राहून मागून दुसऱ्या खिळ्याकडे बोट दाखवत होती. ते दोघं त्यांच्या भाषेत, दरीतल्या बोलीत, इतक्या भरभर बोलू लागले की मला निम्मंच कळलं. पण दोन्ही पक्ष फळीवर जोरजोरात बोटं आपटत होते, म्हणजे विषय तोच असावा.

संध्याकाळी ५

बिल करायचं. मालकाने विचारलं, काय लिहू? दिवसभर फळी, गाडी, डोंगर, लिफ्टचे दोन पास. मजुरीच्या दरपत्रकात यातलं काहीच बसत नाही. स्क्रू परत बसवणे: एक. पट्टा: एक. आणि?

"तार हलवली," मी सांगितलं. "दोन्ही बाजूंची."

"त्याला किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

त्याने पाच मिनिटं लिहिली. मग बाकाकडे बघितलं आणि फळी उचलून भिंतीवर टांगली, माझ्या त्या आरपार भोकाच्या स्कीशेजारी.